भान हरपणं आणि संमोहित होणं

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाला लागून, एक पुतळा आहे. पायघोळ झग्यातला पाद्री पुढे झुकला आहे, त्याचे दोन्ही हात पसरलेले आहेत आणि त्या हातांखाली एक स्त्री मागे कलंडते आहे. हे आबे फारिया. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले, पॅरिसमध्ये गाजलेले आणि तिथेच १८१९ साली वारलेले गोमंतकीय धर्मगुरू. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ साली घडवलेलं हे शिल्प इतकं जोरकस आहे, की त्या बोटांतूनच काहीतरी निघून तिच्या अंगात शिरतं आहे असं पाहणाऱ्याला वाटतं. फारियांचं सगळं म्हणणं मात्र याच्या नेमकं उलट होतं.

त्यांच्या आधी फ्रान्झ अँटन मेस्मर यांनी पॅरिसला वेड लावलं होतं. विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव भरून आहे आणि तो आपण रोग्याच्या शरीरात वळवतो, असं ते सांगत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए तिच्यात होते. समितीने प्रयोग करून निर्वाळा दिला की द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनाशक्तीचा परिणाम आहे. फारिया त्याच्या पुढे गेले. १८१३ पासून ते पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करत. समोरच्याला डोळे मिटून स्वस्थ बसवत आणि मग खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा देत. काहींना तंद्री लागे, काहींना काही केल्या लागत नसे. यावरून त्यांनी ताडलं, की झोपवणाऱ्याकडे कसलीही शक्ती नसते. जे काही असतं ते झोपणाऱ्याकडे. मग ते असतं तरी काय? इथे मात्र ते चुकले. अशा माणसांचं रक्त पातळ असतं, असं त्यांचं उत्तर होतं.

उत्तर मागे पडलं, प्रश्न राहिला. काही माणसं चटकन संमोहित होतात, काही अजिबात होत नाहीत, बहुतेक जण अधेमधे कुठेतरी असतात. हा फरक कशाने पडतो? पातळ रक्ताच्या जागी पुढच्या काळात जी उत्तरं आली, त्यांतलं सर्वांत चिवट उत्तर असं: ज्याचं मन सहज दुभंगतं तो सहज संमोहित होतो. ऐकताक्षणी पटतं. पटतं म्हणूनच ते तपासून पाहायला हवं, आणि तेही मनोरुग्णांवरून नव्हे तर साध्या, धडधाकट माणसांवरून. कारण या उत्तराची झळ शेवटी त्यांनाच बसते. एखादी बाई डॉक्टरांच्या सूचनेबरोबर पटकन तंद्रीत गेली, तर ‘हिचं मन कमकुवत दिसतंय’ असं आजही सर्रास म्हटलं जातं.

मन दुभंगणं हा शब्द तसा भडक आहे. मानसशास्त्रात ज्याला डिसोसिएशन म्हणतात ती गोष्ट त्यापेक्षा पुष्कळ व्यापक आहे. मी तिला इथे विलगता म्हणेन. आपलं लक्ष, आपली आठवण, देहाची जाणीव, ‘हे मी करतो आहे’ ही भावना, या एरवी एकत्र नांदणाऱ्या गोष्टी. त्यांतली एखादी बाकीच्यांपासून सुटी पडली की ती विलगता. गाडी चालवत घरी पोचलो, पण मधला चौक कधी ओलांडला ते आठवत नाही. पुस्तकात बुडालेल्या मुलीला आई चार हाका मारते, तिला एकही ऐकू जात नाही. अपघातानंतर दोन दिवस सगळं दुसऱ्याच कुणाला घडतं आहे असं वाटत राहतं. आरशातला चेहरा आपला वाटत नाही. कपाटात अशी साडी सापडते की जी आपणच आणली असणार, पण आणल्याची आठवणच नाही. ही पाचही उदाहरणं एका दोरीत ओवता येतात. ती ओवावीत का, हा या सगळ्या प्रकरणातला गाभ्याचा प्रश्न आहे.

ओवण्याची सुरुवात फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी केली. १८८९ साली आलेल्या त्यांच्या प्रबंधात त्यांनी मांडलं, की काही रुग्णांच्या मनातले काही भाग मुख्य जाणिवेपासून तुटून आपापलं काम करत राहतात. संमोहनात दिसतं ते याचंच रूप. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांचा दबदबा होता, आणि त्यांच्या मते तर संमोहित होणं हेच हिस्टेरियाचं लक्षण होतं. नान्सी शहरातले इप्पोलित बर्नहाइम यांनी याला कडाडून विरोध केला. संमोहन म्हणजे सूचनेचा प्रभाव आणि सूचना निरोगी माणसावरही चालते, असं त्यांचं म्हणणं. हा वाद बर्नहाइम यांनी जिंकला असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. माझ्या मते तो अर्धाच जिंकला गेला. संमोहन हा रोग नाही हे मान्य झालं. पण संमोहित होणाऱ्याच्या मनाला कुठेतरी भेग असते ही समजूत जाने यांच्या नावाने तशीच पुढे चालत राहिली.

ती मोजून पाहायची तर आधी दोन्ही गोष्टींना मापं हवीत. संमोहनप्रवणतेचं माप आधी आलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नेस्ट हिलगार्ड आणि आंद्रे वाइट्झेनहॉफर यांनी १९५९ साली पहिली चाचणी तयार केली आणि १९६२ साली तिचं ‘क’ रूप आणलं, जे आजही कसोटीचा दगड मानलं जातं. त्यात बारा पायऱ्या आहेत. पसरलेला हात जड होऊन खाली येतो आहे, ही अगदी सोपी पायरी. मग दोन्ही हात एकमेकांपासून दूर जाणं. मग एक डास भुणभुणतो आहे ही सूचना, आणि माणूस तो हाकलतो का हे पाहणं. जिभेवर गोड आणि आंबट चव येणं. हात ताठ होणं, हलवता न येणं. संमोहनात स्वप्न पडणं. शाळेतल्या वयात परत जाणं. नाकाशी अमोनिया धरला असता वास न येणं. नसलेला आवाज ऐकू येणं. समोर तीन लहान डब्या असताना दोनच दिसणं. आणि शेवटची पायरी, हे सगळं विसरून जाणं. प्रत्येक पायरीला एक गुण. शून्यापासून बारापर्यंत माणसं पसरलेली सापडतात; वरच्या टोकाला साधारण १० ते १५ टक्के, खालच्या टोकाला जवळपास तितकेच आणि मधे बाकी सगळे.

हा गुण किती पक्का असतो, याचा पुरावा विलक्षण आहे. स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थी असताना चाचणी दिलेल्या ५० जणांना २५ वर्षांनी पुन्हा गाठलं गेलं. दोन्ही वेळच्या गुणांमधला सहसंबंध, म्हणजे त्यांची जुळणी, ०.७१ निघाला (तंतोतंत जुळणी म्हणजे १). हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात नोकऱ्या झाल्या, लग्नं झाली, केस पांढरे झाले, आणि तरी हा आकडा फारसा हलला नाही. फारियांचा अंदाज इतका नेमका होता! संमोहक बदलला, जागा बदलली, वय बदललं. झोपणाऱ्याचा गुण झोपणाऱ्यापाशीच राहिला.

याच हिलगार्ड यांनी जाने यांची कल्पना नव्याने उभी केली. निमित्त झालं वर्गातल्या एका प्रात्यक्षिकाचं. एका अंध विद्यार्थ्याला संमोहित करून ‘तुला काही ऐकू येणार नाही’ अशी सूचना दिली होती. मोठे आवाज केले तरी तो दचकला नाही. तेव्हा कुणीतरी विचारलं, की याच्या मनाचा एखादा भाग तरी ऐकत असेल का? हिलगार्ड त्या विद्यार्थ्याला हळू आवाजात म्हणाले, तुझ्यातला असा एखादा भाग असेल तर बोट उचल. बोट उचललं गेलं. आणि त्या विद्यार्थ्याने लगेच विचारलं, माझं बोट आत्ता का हललं? पुढे बर्फाच्या पाण्यात हात बुडवून वेदना न जाणवण्याच्या प्रयोगांतही काही जणांच्या बाबतीत असाच ‘लपलेला साक्षीदार’ आढळला. तोंडाने दुखत नाही म्हणणारा माणूस त्या साक्षीदारामार्फत दुखतंय म्हणून सांगत असे. १९७७ सालच्या पुस्तकात हिलगार्ड यांनी सिद्धान्त मांडला की संमोहनात जाणिवेत मधे पडदा पडतो.

कॅनडातले निकोलस स्पॅनोस यांना हे मान्य नव्हतं. त्यांनी सूचनेची शब्दरचना बदलून पाहिली. साक्षीदाराला जास्त जाणवतं असं सुचवलं तर तो जास्त वेदना सांगे, कमी जाणवतं असं सुचवलं तर कमी. म्हणजे तो साक्षीदारही सूचनेचंच अपत्य असू शकतो. हा वाद आजवर पुरता मिटलेला नाही, पण आपल्या प्रश्नापुरतं इतकं लक्षात ठेवू, की हिलगार्ड यांच्यामुळे ‘विलगता’ हा शब्द संमोहनाच्या ऐन मध्यभागी जाऊन बसला. मग साहजिकच अपेक्षा निर्माण झाली, की ज्यांच्या रोजच्या आयुष्यात विलगता जास्त ते संमोहितही जास्त होतील.

विलगतेचं माप यायला १९८६ साल उजाडलं. ईव्ह बर्नस्टीन आणि फ्रँक पुटनम यांनी २८ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. अमुक अनुभव तुम्हाला किती वेळा येतो, ते शून्य ते शंभरच्या पट्टीवर सांगायचं आणि सरासरी काढायची. मी वर दिलेल्या पाच उदाहरणांतली बहुतेक तिथल्या प्रश्नांशी जुळणारी आहेत. पहिल्याच अभ्यासात सर्वसाधारण प्रौढांचा मध्यांक ४ च्या आसपास आला, उमलत्या वयातल्या विद्यार्थ्यांचा १४, आघातोत्तर ताणाच्या रुग्णांचा ३१ आणि ज्यांना त्या काळी बहुव्यक्तिमत्त्वाचे रुग्ण म्हणत त्यांचा ५७. चारपासून सत्तावन्नपर्यंत. मोजपट्टी म्हणून हे फारच आश्वासक होतं, आणि लवकरच जगभर ती वापरली जाऊ लागली. विनिपेग शहरातल्या हजाराहून अधिक प्रौढांना ती दिली तेव्हा एक गोष्ट ठळक झाली, की असे अनुभव थोडेफार कुणालाही येतात. ते रुग्णालयापुरते नाहीत.

आता दोन्ही मापं हाती होती. विद्यार्थ्यांना आधी संमोहनाची चाचणी द्यायची, मग प्रश्नावली भरून घ्यायची, आणि दोन्ही गुण एकमेकांशी ताडून पाहायचे. हे काम अमेरिकेत, कॅनडात, युरोपात पुन्हा पुन्हा झालं. सहसंबंध कुठे शून्याजवळ आला, कुठे ०.१ च्या आसपास. ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहसंबंध ०.१ असला तर एका गुणावरून दुसऱ्यातल्या फरकाचा शंभरातला एक हिस्सा समजतो आणि नव्व्याण्णव हिस्से समजत नाहीत. १९९४ साली फेथ आणि रे या दोन संशोधकांनी महाविद्यालयीन वयाच्या मुलामुलींचा अभ्यास करून शीर्षकातच लिहून टाकलं की हे दोन गुण एकमेकांपासून स्वतंत्र आहेत.

पण शंका घेण्याला जागा होती. प्रश्नावलीच्या खालच्या गुणांवरच गर्दी आणि वर तुरळक माणसं, अशा तिरक्या पसरणीत खरं नातंही बुजून जाऊ शकतं. साध्या माणसांसाठी ही प्रश्नावली म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं होतं. ससेक्स विद्यापीठातले झोल्टान डिएनेश आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली ही अडचण दूर केली. प्रश्नावलीचं असं रूप त्यांनी घेतलं की ज्यात साध्या माणसांचे गुण नीट पसरतात. संमोहन-चाचणी झालेल्या १८० जणांना ते दिलं, आणि देताना याचा संमोहनाशी संबंध आहे हे कळू दिलं नाही. वेगळाच कसलातरी अभ्यास असल्यासारखं भासवलं. नातं तरीही सापडलं नाही. लक्ष आवरण्याच्या, नको ती गोष्ट दाबण्याच्या क्षमतेशीही नाही.

‘कळू दिलं नाही’ याचं महत्त्व मोठं आहे, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे. विलगतेच्या आधी संशोधकांनी तिच्या सौम्य बहिणीला, तल्लीनतेला, हाताशी धरलं होतं. गाण्यात, सूर्यास्तात, कादंबरीत बुडून जाण्याची ही क्षमता. ऑके टेलेगन आणि गिल्बर्ट अ‍ॅटकिन्सन यांनी १९७४ साली तिची मोजपट्टी केली आणि संमोहनप्रवणतेशी तिचं माफक पण खरं नातं दाखवलं. जोसेफीन हिलगार्ड, अर्नेस्ट यांच्या पत्नी आणि स्वतः संशोधक, यांनी शेकडो विद्यार्थ्यांशी बोलून हेच निरीक्षण केलं होतं, की नाटकावेड्या, वाचनवेड्या, स्वप्नाळू मुलांमध्ये संमोहनाची क्षमता जास्त दिसते. मग १९८६ साली काउन्सिल, कर्श आणि हाफनर यांनी एक साधी गोष्ट केली. काही जणांकडून तल्लीनतेची प्रश्नावली संमोहनाच्या प्रयोगाचा भाग म्हणून भरून घेतली, काहींकडून संपूर्ण वेगळ्या निमित्ताने. नातं फक्त पहिल्या गटात दिसलं.

असं का व्हावं? आपण संमोहनाच्या प्रयोगाला आलो आहोत हे ठाऊक असलेला माणूस ‘तुम्ही सहज हरवून जाता का’ या प्रश्नाला हो म्हणतो, आणि हो म्हणता म्हणता स्वतःबद्दल एक अंदाज बांधतो, की मला हे जमणार. मग तो अंदाज खरा करतो. अर्व्हिंग कर्श यांचा आयुष्यभराचा आग्रह हाच होता, की संमोहनात अपेक्षेचा वाटा फार मोठा असतो. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तल्लीनतेचं नातं अगदीच नाहीसं झालं नाही, थोडं उरलं. पण विलगतेच्या बाबतीत ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते. तिच्या २८ प्रश्नांतले बरेचसे प्रश्न तल्लीनतेचेच आहेत, आणि त्यामुळे जो काही थोडा सहसंबंध कधीमधी दिसतो तो मुळात तल्लीनतेच्या खिशातून आलेला असू शकतो. नील्स वॉलर, पुटनम आणि ईव्ह कार्लसन (याच आधीच्या बर्नस्टीन) यांनी १९९६ साली प्रश्नावलीची चिरफाड करून दाखवलं, की फक्त आठ प्रश्न खऱ्या आजाराची खूण देतात: विस्मरणाचे, परकेपणाचे, आवाज ऐकू येण्याचे. बाकीचे प्रश्न वेगळ्याच, निरोगी गुणाकडे बोट दाखवतात. आईची हाक न ऐकू येणारी मुलगी आणि न आठवणारी साडी या एका दोरीतल्या नव्हेत. निदान त्यांना एकाच दोरीत ओवण्याचं ओझं आता ओवणाऱ्यावर आहे.

मग हिलगार्ड चुकले का? मला तसं वाटत नाही, आणि याच मुद्द्यावर बरेच आढावे घाई करतात. हिलगार्ड यांच्या सिद्धान्तातली विलगता म्हणजे संमोहनात, सूचनेमुळे, थोड्या वेळापुरती घडणारी गोष्ट. वॉटर्लू विद्यापीठातले केनेथ बावर्स आणि त्यांचे सहकारी एरिक वुडी यांनी १९९४ साली तिला वेगळं वळण दिलं. जाणिवेवर पडदा पडत नाही, तर वरचं नियंत्रण ढिलं होतं आणि हालचाल सुरू करणाऱ्या खालच्या यंत्रणेला सूचना परस्पर जाऊन भिडते, असं त्यांनी मांडलं. हेही खरं किंवा खोटं ठरू शकतं. पण प्रश्नावली यातलं काहीच मोजत नाही. ती विचारते, की तुमच्या आयुष्यात आपोआप, न मागता, भान सुटण्याचे प्रसंग किती वेळा येतात? पट्टीचा पोहणारा आणि वारंवार तोल जाऊन विहिरीत पडणारा, दोघेही ओले होतात. पडणाऱ्यांची मोजदाद करून पोहणाऱ्यांबद्दल काही कळेल अशी आशा धरली, तिथेच हिशेब चुकला. शब्द एकच असल्यामुळे हे लक्षात यायला वेळ लागला.

इथवर सारं सरळ दिसतं, पण दवाखान्यातलं चित्र निराळं आहे. विलगतेच्या आजाराने खरोखर पीडित असलेल्या रुग्णांची संमोहनप्रवणता सर्वसाधारण माणसांपेक्षा ठळकपणे जास्त आढळते. २०२२ साली लिलियन वीडर, डेव्हिन टरह्यून आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र करून ते पुन्हा दाखवलं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, आघातोत्तर ताणाच्या सैनिकांमध्येही डेव्हिड स्पीगल यांना १९८८ साली हेच दिसलं होतं. तेव्हा साध्या माणसांत नातं नाही आणि रुग्णांत आहे, हे एकाच वेळी खरं आहे. लिसा बटलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली सुचवलेली तोड मला सर्वांत पटते. उच्च संमोहनप्रवणता हा जन्मजात कल असावा; मोठा आघात झाला तर हाच कल स्वतःला त्या प्रसंगापासून सोडवून घेण्यासाठी वापरला जातो आणि पुढे त्याची सवय होते. आघातच झाला नाही तर तो कल नाटकात, वाचनात, गाण्यात रमतो आणि कुणाच्या प्रश्नावलीत दिसतही नाही.

यातून जे निघत नाही तेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. रुग्ण सहज संमोहित होतात म्हणून सहज संमोहित होणारा रुग्ण ठरत नाही. वरच्या टोकाला १० ते १५ टक्के माणसं आहेत. हजारांच्या गावात शंभर-दीडशे. त्यांतले बहुतेक जण सुखाने संसार करतात. १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेत काही उपचारकांनी ही साखळी उलटी ओढली. तंद्रीत चटकन जाते, म्हणजे मनात विलगता असणार. विलगता असणार, म्हणजे बालपणी अत्याचार झाला असणार. आठवत नाही, म्हणजे तर नक्कीच झाला असणार. आणि मग संमोहनाखाली ती आठवण ‘काढायची’. संमोहनाने आठवणी खऱ्याखोट्याची पर्वा न करता ठळक होतात आणि माणसाची त्यांवरची खात्री वाढते. त्या काळात कित्येक कुटुंबं मोडली, आणि ज्यांच्यावर खरंच अत्याचार झाले होते त्यांच्या शब्दावरचा विश्वासही उणावला. एका सैल सहसंबंधाची एवढी मोठी किंमत दोन्ही बाजूंनी मोजली गेली. याचं मला अजून वाईट वाटतं.

अलीकडच्या संशोधनातला सर्वांत जिवंत धागा असा: वरच्या टोकाची माणसं सगळी एका जातीची नसावीत. शेरील विल्सन आणि थिओडोर बार्बर यांनी १९८३ साली उत्कृष्ट संमोहित होणाऱ्या २७ स्त्रियांशी दीर्घ बोलून पाहिलं, तर त्यांतल्या २६ जणी कल्पनेच्या जगात भरभरून राहणाऱ्या निघाल्या. पण पुढे डियर्ड्री बॅरेट यांना गाढ तंद्रीत जाणाऱ्यांमध्ये दोन निरनिराळे गट दिसले. पहिला गट कल्पनारम्यांचा. ते क्षणात तंद्रीत जातात, त्यांना स्पष्ट चित्रं दिसतात, आणि बाहेर आल्यावर म्हणतात की हे तर माझ्या रोजच्या दिवास्वप्नांसारखंच होतं. दुसऱ्या गटाला आत जायला वेळ लागतो, पण गेल्यावर जे घडतं त्याने ते स्वतःच चकित होतात. न सांगताही बरंच विसरतात. आणि त्यांच्या लहानपणात दुखावणारे प्रसंग जास्त सापडतात. लुंड विद्यापीठात टरह्यून आणि एत्झेल कार्देन्या यांनी २०११ च्या सुमारास अशीच विभागणी काटेकोर चाचण्यांनी केली. उच्च प्रवणता आणि उच्च विलगता असलेल्यांना संमोहनातली हालचाल अधिक आपोआप झाल्यासारखी वाटे, त्यांनी ताणाचे प्रसंग जास्त सांगितले, आणि क्षणभर मनात माहिती धरून ठेवण्याच्या चाचणीत ते मागे पडले.

हे खरं ठरलं तर शून्याजवळच्या सहसंबंधाचं कोडं सुटतं. वरच्या टोकाला विलगता जास्त असलेलेही आहेत आणि कमी असलेलेही. खालच्या टोकाला, कधीच संमोहित न होणाऱ्यांतही, आरशातला चेहरा परका वाटणारे आहेतच. सगळ्यांना एका सरासरीत घातलं की बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. माझा कौल सध्या याच बाजूला आहे. मात्र हे अभ्यास मूठभर प्रयोगशाळांतले आहेत आणि वरच्या टोकाची माणसं मुळात थोडी, म्हणून त्यांचे गट तर फारच लहान. या पायावर एवढ्यात मजला चढवू नये.

आणखी एक उणीव मला मराठी वाचक म्हणून जास्त जाणवते. २८ प्रश्नांची ती पट्टी अमेरिकी माणसांच्या अनुभवांवरून शिवली गेली. अंगात येण्याबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही. आपल्याकडे जिच्या अंगात वर्षातून ठरलेल्या दिवशी येतं, आणि जी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शेतावर जाते, तिचा गुण त्या पट्टीवर साधा, कमीच भरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात अंगात येण्याच्या आजाराला स्वतंत्र जागा आहे, पण अट स्पष्ट आहे: तो अनुभव नकोसा असला पाहिजे, समाजाच्या मान्य धार्मिक रीतीचा भाग नसावा, आणि त्याने माणसाचं आयुष्य विस्कटत असावं. म्हणजे भान सुटलं का एवढं विचारून भागत नाही. कुठे सुटलं, कुणाच्या साक्षीने, आणि परत येण्याची वाट आधीपासून ठरलेली होती का, हे विचारावं लागतं. संमोहनाच्या खोलीला आणि देवीच्या अंगणाला ही चौकट असते. मध्यरात्री आघाताची आठवण अंगावर धावून येते तेव्हा ती नसते.

स्टॅनफर्डच्या चाचणीतली बारावी पायरी इथे पुन्हा आठवते. तंद्रीतून बाहेर आलेल्या माणसाला आधी सांगितलेलं असतं, की मी अमुक म्हणेपर्यंत तुला यातलं काही आठवणार नाही. त्याला विचारतात, काय काय झालं? तो आठवायचा प्रयत्न करतो. दोन-तीन गोष्टी येतात, बाकीच्या येत नाहीत, तो गोंधळून हसतो. परीक्षक जे काही सांगितलं जाईल ते लिहून घेतो. मग ठरलेलं वाक्य उच्चारतो, की आता तुला सगळं आठवेल. आणि डास, डब्या, शाळेतला वर्ग, सारं एकामागून एक परत येतं. तेही तो लिहून घेतो. कपाटातल्या त्या साडीसमोर उभ्या असलेल्या बाईसाठी असं वाक्य कुणी ठरवून ठेवलेलं नसतं.